कष्ट विखुरलेले, मोबदला कोणाचा?
गिरगावच्या गच्चीपासून विकेंद्रित समाजमाध्यमांपर्यंत

गेल्या काही वर्षांत आपल्या तरुणांच्या बोलण्यात एक नवा विषय वारंवार येऊ लागला आहे. इंटरनेटवरील काही समाजमाध्यमांवर लेख लिहिल्यास, छायाचित्रे टाकल्यास, एवढेच नव्हे तर दुसऱ्याच्या लिखाणाला पसंतीचे मत दिल्यासही मोबदला मिळतो, असे ते सांगतात. या माध्यमांना कोणी एक मालक नसतो, ती सर्वांची असतात आणि म्हणून तेथील वाटणी न्याय्य असते, असा त्यांचा विश्वास असतो. आईवडिलांना यातील तांत्रिक भाग फारसा उमगत नाही. परंतु 'मालक नाही म्हणजे अन्याय नाही' हे विधान ऐकताच गिरणगावात आयुष्य काढलेल्या माणसाच्या मनात शंका आल्यावाचून राहत नाही.

ही शंका योग्य आहे काय? अनेकांनी विखुरलेल्या ठिकाणी बसून केलेल्या कष्टांचे फळ कोणत्या नियमाने वाटले असता ते न्याय्य म्हणावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी प्रथम आपल्याच मुंबईत, गिरगावात, संगणकाचे नावही ठाऊक नसलेल्या काळात झालेला एक प्रयोग समजून घेऊ.

गच्चीवरील सात गृहिणी

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील लोहाणा निवास या इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी एकत्र जमल्या. त्यांच्यात जसवंतीबेन जमनादास पोपट होत्या. शिक्षण बेताचे, हाताला येणारी कला एकच, ती म्हणजे पापड लाटण्याची. छगनलाल करमशी पारेख, म्हणजेच सर्वांचे छगनबाप्पा, यांच्याकडून घेतलेले ८० रुपयांचे कर्ज हे त्यांचे भांडवल. पहिल्या दिवशी चार पाकिटे पापड तयार झाले आणि ते भुलेश्वरच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने विकावयास घेतले. आपण आज ज्याला 'लिज्जत पापड' म्हणून ओळखतो त्या श्री महिला गृह उद्योगाचा हा आरंभ होय.

सुरुवातीलाच त्यांनी एक निश्चय केला. तोटा आला तरी कोणापुढे देणगीसाठी हात पसरावयाचा नाही. प्रारंभी दोन प्रतींचे पापड होत असत, त्यांतील एक स्वस्त व हलक्या प्रतीचे. छगनबाप्पांनी हलक्या प्रतीचा माल बंद करून एकच उत्तम प्रत ठेवण्याचा आणि हिशेब चोख लिहिण्याचा सल्ला दिला. तीन महिन्यांत सातांच्या पंचवीस जणी झाल्या. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये झाली. मोडलेले पापड शेजाऱ्यांत वाटले जात. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले; दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला, खाटेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. अडचण सुटली.

१९६२ साली 'लिज्जत' हे नाव मिळाले. त्यासाठी पाच रुपयांच्या बक्षिसाची स्पर्धा ठेवण्यात आली होती आणि धीरजबेन रुपारेल यांनी सुचवलेले नाव पसंत पडले. जुलै १९६६ मध्ये संस्थेची रीतसर नोंदणी झाली आणि त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली. गच्चीवर सुरू झालेल्या या कामात आज देशभरातील सुमारे ४५ हजार स्त्रिया सहभागी असल्याचे सांगितले जाते. २०२१ साली जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री जाहीर झाली.

मोबदल्याचे दोन थर

या संस्थेची वाढ कौतुकास्पद आहेच. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र तिची वाटणीची रीत अधिक महत्त्वाची आहे. काम विखुरलेले आहे. पीठ शाखेत मळले जाते. सकाळी बहिणी ते घेऊन जातात, आपापल्या घरी पापड लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी शाखेत आणून देतात. तेथे वजन होते, प्रत तपासली जाते आणि लाटणावळ हातात पडते. जी अधिक लाटील तिला अधिक मिळेल. हा मोबदल्याचा पहिला थर. तो कष्टांच्या मापाने ठरतो आणि त्यात तक्रारीला जागा नाही.

दुसरा थर नफ्याचा आहे. येथे माप बदलते. नफा आणि तोटा दोन्ही बहिणींमध्ये सारखे वाटले जातात. कोण जुनी, कोण नवी, कोण पीठ मळते, कोण पाकिटे भरते हे पाहिले जात नाही. काही वर्षी हा वाटा सोन्याच्या रूपानेही देण्यात आला आहे. प्रत्येक सभासद स्त्री ही संस्थेची मालकीण आहे, नोकर नव्हे, या तत्त्वातून हा नियम आला. कारभारासाठी २१ जणींची समिती असते. निर्णय सर्वानुमते घेतले जातात आणि एकीनेही हरकत घेतल्यास प्रस्ताव अडू शकतो. पुरुष पगारी नोकर होऊ शकतात, सभासद होऊ शकत नाहीत.

यातही उणिवा आहेत. पापड लाटण्यास आणि वाळवण्यास स्वच्छ, मोकळी जागा लागते. चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे राहत असतील तर तेथील स्त्रीला हे काम घेणे कठीण जाते. लाटणावळीचा दर पुरेसा आहे काय, हा प्रश्नही दर काही वर्षांनी विचारावाच लागतो. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. येथे मत माणसाला आहे, पैशाला नाही. जिच्याजवळ अधिक पैसा तिचे मत अधिक वजनदार, असे होत नाही.

दादर, लोअर परळ, चर्चगेट या स्थानकांवर दिसणारे डबेवाले हे याच वृत्तीचे दुसरे उदाहरण. १८९० च्या सुमारास सुरू झालेला हा व्यवसाय लहान लहान गटांनी चालतो. प्रत्येक गटाचा मुकादम असतो. महिन्याच्या उत्पन्नातून खर्च वजा जाता उरलेली रक्कम गटातील लोक समान वाटून घेतात. कोणी सायकलवरून डबे गोळा करतो, कोणी स्थानकावर खुणा वाचून ते वेगळे करतो, कोणी डोक्यावर जड खोका वाहतो, वाटा सारखाच. कारण एक दुवा निखळला तर दुपारी दोन वाजता कोणाचे तरी ताट रिकामे राहते, हे प्रत्येकाला ठाऊक असते. २०२० च्या टाळेबंदीत कचेऱ्या बंद झाल्या आणि हे काम जवळजवळ थांबले, तेव्हा ती झळही सर्वांनाच लागली.

स्टीमिटची कथा

आता नव्या माध्यमांकडे वळू. नेहमीच्या समाजमाध्यमांत एक कंपनी मालक असते. लिहिणारे आपण, वाचणारे आपण, जाहिरातींचे उत्पन्न मात्र प्रामुख्याने कंपनीचे. या विषमतेवर उपाय म्हणून विकेंद्रित माध्यमांची कल्पना पुढे आली. यांत सर्व नोंदी एका कंपनीच्या संगणकावर न ठेवता अनेकांच्या संगणकांवर ठेवल्या जातात. नोंदींच्या या सामाईक वहीला 'ब्लॉकचेन' म्हणतात. एकाच कारकुनाच्या कपाटात कुलूपबंद असलेली हिशेबवही आणि चाळीतील प्रत्येक बिऱ्हाडात एकेक प्रत असलेली हिशेबवही, एवढा हा फरक समजावा. दुसऱ्या प्रकारात एकट्याने गुपचूप खाडाखोड करणे अवघड जाते.

या पद्धतीने मोबदला देणाऱ्या माध्यमांत स्टीमिट हे सर्वांत गाजलेले उदाहरण. नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी ते २०१६ साली सुरू केले. त्याची रीत अशी होती. यंत्रणा ठराविक गतीने 'स्टीम' नावाची नवी नाणी निर्माण करी. त्यांतील मोठा हिस्सा लेखनाच्या मोबदल्यासाठी बाजूला ठेवला जाई. वाचक लेखांना मते देत आणि सात दिवसांनी त्या मतांनुसार नाणी वाटली जात. काही काळ लेखकाला ७५ टक्के आणि चांगले लेख शोधून त्यांना मत देणाऱ्या वाचकांना २५ टक्के अशी विभागणी होती. ऑगस्ट २०१९ मध्ये ती निम्मी-निम्मी करण्यात आली.

येथपर्यंत सर्व उत्तम वाटते. गोम आहे ती मताच्या वजनात. लिज्जतमध्ये एका बहिणीला एक मत. स्टीमिटवर मताचे वजन त्या माणसाने साठवून ठेवलेल्या नाण्यांवर ठरत असे. ज्याच्याजवळ लाख नाणी, त्याचे एक मत शंभर नाणीवाल्याच्या हजार मतांइतके. अशा बड्या धारकांना तेथील लोक 'देवमासे' म्हणत. आरंभीच्या दिवसांत, फारसे कोणी नसताना, संस्थापक कंपनीने नाण्यांचा फार मोठा साठा आपल्याकडे जमा केला होता. म्हणजे वही सर्वांच्या घरी होती, परंतु पुढील पानावर काय लिहावयाचे हे ठरवण्याचे बळ थोड्यांच्याच हाती होते.

त्यात आणखी एक नियम होता. प्रारंभी मोबदला मतांच्या वजनाच्या वर्गाच्या प्रमाणात मिळत असे. हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. वाटावयाची रक्कम १,०१० रुपये आहे असे समजू. एका लेखाला १० वजनाची मते मिळाली, दुसऱ्याला १०० वजनाची. साध्या प्रमाणाने वाटणी केल्यास पहिल्याला सुमारे ९२ रुपये आणि दुसऱ्याला ९१८ रुपये मिळतील. वर्गाच्या नियमाने मात्र १० चा वर्ग १०० आणि १०० चा वर्ग १०,०००. म्हणजे पहिल्याला केवळ १० रुपये आणि दुसऱ्याला तब्बल १,००० रुपये! अनेक लोकांना आवडलेले लेखन वर यावे आणि कोणी स्वतःलाच मत देऊन पैसे काढू नयेत, हा या नियमाचा हेतू होता. प्रत्यक्षात बड्यांची मर्जी संपादन केल्याखेरीज पदरात काही पडेना. म्हणून जून २०१७ मध्ये साधे प्रमाण आणले गेले. तेव्हा दुसराच रोग बळावला. लोक स्वतःच्या लिखाणाला मते देऊ लागले, मते विकत देणारी स्वयंचलित खाती निघाली आणि लेख चांगला की वाईट हे पाहण्याचे कारणच उरले नाही. २०१९ मध्ये नियम पुन्हा बदलावे लागले.

वाचकांनी येथे थोडे थांबून विचार करावा. नियम एका बाजूने घट्ट केला की लहान माणूस चेपला जातो. दुसऱ्या बाजूने सैल केला की लबाडाचे फावते. दोन्ही वेळा मूळ दोष एकच होता, तो म्हणजे मत देण्याचा अधिकार माणसाऐवजी साठ्याला दिला गेला होता.

एका खरेदीने झालेली परीक्षा

फेब्रुवारी २०२० मध्ये जस्टिन सन या उद्योजकाने स्टीमिट कंपनी विकत घेतली आणि तिच्याबरोबर तो जुना साठाही. या यंत्रणेची देखरेख मतांनी निवडलेले 'साक्षीदार' करतात. एका फेरीत त्यांची संख्या २१ असते. लिज्जतच्या समितीचीही संख्या तीच, हा एक योगायोग. हा साठा मतदानासाठी वापरला जाईल या भीतीने साक्षीदारांनी तो तात्पुरता गोठवला. त्यावर मार्चच्या आरंभी बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या नाण्यांच्या बाजारांनी ग्राहकांनी आपल्याकडे ठेवलेली नाणी मतदानासाठी वापरली आणि जुने साक्षीदार बाजूला सारले गेले. ग्राहकांच्या ठेवींच्या बळावर कारभारी बदलण्यात आले, असा याचा अर्थ. गदारोळ झाल्यावर यांतील काहींनी आपली मते मागे घेतली.

२० मार्च २०२० रोजी असंतुष्ट सभासदांनी त्याच वहीची प्रत घेऊन 'हाइव्ह' नावाची वेगळी यंत्रणा सुरू केली. कंपनीचा जुना साठा त्यांनी नव्या वहीत उतरवलाच नाही. येथे विकेंद्रित व्यवस्थेचे खरे बळ दिसते. मालकाशी पटले नाही म्हणून गिरणी कामगार आपला माग खांद्यावर टाकून निघून जाऊ शकत नव्हता. हे लोक आपल्या साऱ्या लेखनासह निघून जाऊ शकले. परंतु निघून जाताना विरोधी बाजूस मते दिलेल्या काही खात्यांनाही त्यांनी नव्या नाण्यांपासून वंचित ठेवले. पुढे मे महिन्यात जुन्या स्टीमवर विरोधकांच्या खात्यांतील नाणी काढून घेण्यात आली. बळ हाती आले की न्यायाची कसोटी सर्वांचीच लागते.

सर्वच विकेंद्रित माध्यमे मोबदला देतात असे नाही. २०१६ सालीच सुरू झालेल्या मॅस्टोडॉनमध्ये नाणीच नाहीत. लोक लिहिण्याच्या आनंदासाठी लिहितात आणि संगणकांचा खर्च बहुधा देणग्यांतून भागतो. मोबदला नसला की त्याच्या वाटणीचे भांडणही नसते. पण कष्ट कोणाचे आणि खर्च कोणाचा, हा प्रश्न तेथेही उरतोच.

बक्षीस की हक्क?

गिरणगावाला हा प्रश्न नवा नाही. पहिल्या महायुद्धानंतर काही वर्षे मुंबईचे गिरणीमालक कामगारांना वार्षिक बोनस देत होते. १९२३ सालचा बोनस नाकारण्यात आला, तेव्हा जानेवारी १९२४ मध्ये परळ, लालबाग, भायखळ्यापासून सर्वत्र दीड लाखाहून अधिक कामगार संपावर गेले. चौकशीसाठी मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बोनसवर कामगारांचा कोणताही हक्क सिद्ध होत नाही, असा तिचा निष्कर्ष निघाला. कामगार त्याला हक्क समजत होते. मालकांच्या लेखी ते बक्षीस होते. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हक्क नियमावर. बोनसला कायद्याचा आधार मिळण्यास १९६५ साल उजाडावे लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपाच्या मागण्यांतही वेतनाबरोबर बोनसचा विषय होताच.

नव्या माध्यमांतील मोबदल्याला तेथे 'बक्षीस' या अर्थाचाच शब्द वापरतात, हे अर्थपूर्ण आहे. महिनाभर रोज लिहिणाऱ्या तरुणाला ते वेतन वाटते. नियम बदलणाऱ्यांच्या दृष्टीने ते बक्षीस असते आणि एका रात्रीत ७५ टक्क्यांचे ५० टक्के होऊ शकते.

द्राक्षमळ्यातील एक दिनार

मोबदल्याचा विषय निघाला की मत्तयच्या शुभवर्तमानातील (२०:१-१६) द्राक्षमळ्याचा दाखला आपल्याला आठवतोच. पहाटे आलेला आणि सायंकाळी आलेला, दोघांनाही एकच दिनार मिळाला. हा दाखला मुळात देवाच्या औदार्याविषयी आहे. वेतनाचे कोष्टक म्हणून तो वाचू नये. तरीही त्यातील दोन तपशील लक्षात घेण्यासारखे आहेत. पहाटेच्या मजुरांशी जो करार झाला होता तो मोडला गेला नाही. आणि सायंकाळच्या मजुरांना मिळाला तो एका दिवसाच्या निर्वाहाचा दाम होता. आळशीपणामुळे नव्हे, कोणी कामाला न लावल्यामुळे ते बाजारात उभे होते.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात हाच धागा पकडला. केवळ दोघांनी मान्य केले म्हणून वेतन न्याय्य ठरत नाही, कष्टकऱ्याचा साधेपणाने निर्वाह होईल इतके तरी ते असले पाहिजे, अशी त्यांची शिकवण होती. २०२५ साली निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी आपल्या नावाचा संबंध याच परिपत्रकाशी जोडला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रमांपुढे उभ्या राहिलेल्या नव्या प्रश्नांचा उल्लेख केला. यंत्रे बदलली, प्रश्न तोच आहे.

आपण काय तपासावे?

आपल्या घरातील कोणी अशा माध्यमावर वेळ घालवीत असेल तर त्याला रागे भरण्याऐवजी त्याच्यासोबत बसून पुढील प्रश्न विचारावेत.

१. मताचे वजन कशावर ठरते, माणसावर की साठ्यावर? साठ्यावर ठरत असेल तर सर्वांत मोठे दहा धारक कोण आहेत आणि त्यांच्याजवळ एकूण किती हिस्सा आहे? वही उघडी असल्याने हे पाहता येते.

२. नियम कोण बदलतो? बदलण्यापूर्वी लिहिणाऱ्यांना विचारले जाते काय? लिज्जतमधील एका बहिणीच्या हरकतीला जे मोल आहे, ते येथे लहान लेखकाच्या हरकतीला आहे काय?

३. मिळालेले नाणे म्हणजे पैसे नव्हेत. ते कोणी विकत घेईल तेव्हाच पैसे होतात आणि त्याचा भाव रोज बदलतो. आपल्या देशात १ एप्रिल २०२२ पासून अशा आभासी मालमत्तेच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के कर आहे. नफा सांगणारे पुष्कळ भेटतात, कराची आठवण करून देणारे थोडे.

४. तोटा कोणाचा? नफ्याच्या वेळी सर्वांचे आणि तोट्याच्या वेळी ज्याचे त्याचे, अशी व्यवस्था असेल तर तिला सहकार म्हणता येणार नाही.

५. प्रवेशासाठी पैसे भरावयास सांगतात काय? मोबदला मिळण्यापूर्वी नाणी विकत घ्या असे कोणी म्हणाले तर त्याच क्षणी सावध व्हावे.

मालक नसणे ही न्यायाची हमी नव्हे, हे स्टीमिटच्या कथेवरून दिसते. आणि भांडवल नसणे हा न्यायाला अडथळा नव्हे, हे गिरगावच्या गच्चीवरून दिसते. ८० रुपये आणि सात जोडी हात एवढ्यावर जो नियम उभा राहिला त्याचे मर्म साधे होते. कष्टाचा दाम कष्टाप्रमाणे, नफातोटा सर्वांचा सारखा आणि निर्णयात प्रत्येकीचा आवाज. नव्या माध्यमांत लिहिणाऱ्या आपल्या मुलांनी हे मर्म समजून घेतले, तर ती नुसती मोबदला मोजीत बसणार नाहीत. आपल्याला मिळालेला वाटा कोणाच्या ताटातून आला, हेही ती विचारतील. तो प्रश्न विचारण्याची सवय घरापासूनच लागते. आज रात्रीच्या जेवणाच्या वेळी त्यास आरंभ करावयास हरकत नाही.